दीड लाखात काय घ्यावं : 'ब्रेन' पॅकेज, मोठा पॅनल, अ‍ॅप की चौथंच काही?

खडू_डस्टर
नमस्कार मंडळी. सोलापूर, पूर्व भाग. अनुदानित, मराठी माध्यम, आठवी ते दहावी. वर्गात ५५ च्या आसपास मुलं, तासिका ४० मिनिटांची. निम्म्याहून जास्त घरांत तेलुगू, काही घरांत कन्नड. माजी विद्यार्थ्यांनी दीड लाख रुपये जमवलेत आणि 'मुलांच्या शिकण्यासाठी वापरा' एवढीच अट घातली आहे.

टेबलावर तीन प्रस्ताव आहेत. एक, बोटांच्या ठशांवरून 'मेंदूचा कल' सांगणारी चाचणी आणि सोबत 'मिडब्रेन' शिबिर. दोन, ६५ इंची टच पॅनल. तीन, गणित-विज्ञानाच्या अ‍ॅपची वर्गणी.

मुख्य दुखणं असं : घटक चाचणीत बरे गुण मिळतात, जानेवारीच्या सराव परीक्षेत त्याच धड्यांवर पाटी कोरी. मेंदूविज्ञान आणि शिकण्याचं संशोधन यावर नेमकं काय सांगतं? जूनपासून काय सुरू करता येईल? मोघम नको, आकड्यांत सांगा.

मज्जारज्जू
पहिला प्रस्ताव उद्याच साभार परत पाठवा.

बोटांचे ठसे आईच्या पोटात असतानाच पक्के होतात. त्यावरून मूल गणितात रमेल की संगीतात, हे सांगता येतं याला कसलाही पुरावा नाही. अशा अहवालांत 'बहुविध बुद्धिमत्ता' हे नाव भारदस्तपणासाठी घालतात. तो हॉवर्ड गार्डनर यांचा १९८३ चा सिद्धांत. त्याचा ठशांशी काडीचा संबंध नाही.

मिडब्रेन म्हणजे मेंदूच्या देठाचा वरचा भाग. डोळ्यांची हालचाल, बाहुली लहानमोठी होणं, आवाज आला की तिकडे मान वळणं ही त्याची कामं. जन्मल्यापासून तो चालूच असतो, शिबिरात 'सुरू' करण्यासारखं त्यात काही नाही. अशा शिबिरांत डोळ्यांवर पट्टी बांधून वाचण्याचं प्रात्यक्षिक दाखवतात, ते चालतं नाकाशेजारच्या फटीतून. पडताळायचं असेल तर पुस्तक कपाळाच्या उंचीवर धरा, नाहीतर मुलाच्या हनुवटीखाली पुठ्ठा आडवा धरा. वाचन तिथेच थांबतं.

याच पंगतीतलं दुसरं ताट म्हणजे 'हा बघून शिकणारा, ही ऐकून शिकणारी'. हे खरं असेल तर बघणाऱ्यांना चित्रातून आणि ऐकणाऱ्यांना बोलण्यातून जास्त यायला हवं, म्हणजे निकाल उलटसुलट पडायला हवेत. पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सगळा पुरावा चाळला, तसं कुठे नीट दिसलं नाही. तरी २०१२ च्या एका पाहणीत ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या ९० टक्क्यांहून जास्त शिक्षकांचा यावर विश्वास होता. विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

एक लक्षात ठेवा : मेंदूच्या स्कॅनवरून थेट पाठाचं टाचण निघत नाही. जॉन ब्रुअर यांनी १९९७ मध्येच हे बजावलं होतं. मधला पूल बोधात्मक मानसशास्त्राचा, म्हणजे स्मरण, लक्ष आणि विसरण्याच्या प्रयोगांचा. तुमचं दुखणं तिथलंच आहे.

तासिका४०
वरच्या प्रतिसादाशी सहमत. आता दुखण्याकडे येऊ.

रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग पाहा. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने घेतली तर उलटं : ४२ विरुद्ध ५६. पहिला आकडा म्हणजे तुमची घटक चाचणी, दुसरा म्हणजे सराव परीक्षा. धडा संपला की लगेच चाचणी घेतली तर नुसतं वाचूनही गुण पडतात, आणि मुलाला, पालकांना, आपल्यालाही 'आलं' असं वाटतं.

तर जूनपासून हे करा. प्रत्येक तासाची पहिली ७ मिनिटं, पुस्तक बंद, कच्च्या वहीत पाच प्रश्न. दोन कालचे, एक मागच्या आठवड्याचा, एक महिन्यापूर्वीचा, एक मागे बहुतेकांचा चुकलेला. दहावी विज्ञान भाग १, ऑगस्टमधला एखादा दिवस धरा :

काल : १ किलोवॉट-तास म्हणजे किती ज्यूल? (३६ लाख)
काल : तारेतला प्रवाह दुप्पट केला, रोध आणि वेळ तेवढाच, तर उष्णता किती पट? (४)
मागचा आठवडा : कळीच्या चुन्यात पाणी घातलं तर उष्णता बाहेर पडते की शोषली जाते? (पडते)
जुलै : गणात वरून खाली जाताना अणूचा आकार वाढतो की घटतो, आणि का?
चुकलेला : दोन वस्तूंमधलं अंतर दुप्पट केलं तर गुरुत्वबल किती उरतं? (एक चतुर्थांश)

चार मिनिटं लिहिणं, तीन मिनिटं उत्तरं. मुलाने दुसऱ्या रंगाच्या पेनने स्वतःच दुरुस्त करायचं. 'तिसरा किती जणांचा बरोबर?' असं विचारून हात मोजायचे आणि फळ्याच्या कोपऱ्यात आकडा टाकायचा. निम्म्याहून कमी हात आले तर तो प्रश्न परवा परत.

बिघडतं कुठे ते सांगतो. आपण दहाव्या सेकंदाला 'अरे, ग ने सुरू होतं' म्हणतो. आठवण्याचे कष्ट हेच औषध आणि आपण ते ओतून टाकतो. तोंडी विचारलं तर पहिल्या दोन बाकांवरची पाच पोरं उत्तर देतात, बाकीचे माना डोलावतात. गुण मोजले की कॉपी सुरू, म्हणून गुण अजिबात नकोत, गुणपत्रकात तर नकोतच. आणि उत्तर त्याच तासाला सांगितलं नाही तर चुकीचंच पाठ होतं.

खडू_डस्टर
सात मिनिटं रोज म्हणजे आठवड्याला एक तास गेला. अभ्यासक्रम आधीच दिवाळीनंतर धावत उरकावा लागतो. आणि 'महिन्यापूर्वीचा' हे अंतर कुठून आलं?

तासिका४०
अंतर असं ठरतं. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तपासलं : पहिल्या शिकण्यानंतर किती दिवसांनी उजळणी केली तर शेवटी जास्त आठवतं. शेवटची परीक्षा आठवड्यावर असेल तर साधारण एक दिवसाचं अंतर बरं, ३५ दिवसांवर असेल तर ११ दिवसांचं, वर्षभरावर असेल तर सुमारे ३ आठवड्यांचं. जूनमधला धडा मार्चमध्ये आठवायचा असेल तर त्याच आठवड्यात पाचदा घोटण्यात वेळ घालवू नका. दुसऱ्या दिवशी एकदा, मग ३-४ आठवड्यांनी, मग दिवाळीच्या सुट्टीनंतर, मग सराव परीक्षेच्या आधी.

वेळेचं म्हणाल तर पुस्तकाखालच्या स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावर लिहून देणं आणि मुलांनी ती उतरवणं यात किती तास जातात ते एकदा मोजा. सात मिनिटं तिथूनच निघतात. जानेवारीतली संपूर्ण 'रिव्हिजन'ही आखूड होते. अर्थात पहिल्या महिन्यात मुलं कुरकुरतात, कारण या पद्धतीत आपल्याला येत नाही हे रोज दिसतं.

श्रेढी_आणि_शिडी
गणितासाठी आणखी एक. सरावसंच एकाच जातीच्या उदाहरणांचा असतो. वर 'वर्गसमीकरणे' लिहिलेलं असलं की कुठली रीत लावायची हे मुलाला शोधावंच लागत नाही. बोर्डाच्या पेपरात तीच निवड करायची असते आणि ती कधी केलेलीच नसते. आठवड्यातून एक पानभर मिश्र संच द्या. हे तीन शेजारी ठेवून बघा :

(अ) दोन नैसर्गिक संख्यांची बेरीज २०, फरक ४. संख्या काढा.
(ब) दोन नैसर्गिक संख्यांची बेरीज २०, वर्गांची बेरीज २०८. संख्या काढा.
(क) पहिल्या रांगेत २० खुर्च्या, पुढच्या प्रत्येक रांगेत २ जास्त. १५ व्या रांगेत किती?

पहिल्या दोन्हींचं उत्तर १२ आणि ८ च येतं, पण एकाला दोन चलांतील रेषीय समीकरणं लागतात आणि दुसऱ्याला वर्गसमीकरण. तिसरं श्रेढीचं, ४८. पहिल्या फेरीत सोडवायला लावूच नका. फक्त 'कुठली रीत आणि कशावरून ओळखलं' एवढं एका ओळीत लिहून घ्या. दहा मिनिटांत बारा उदाहरणं होतात. अमेरिकेत सातवीच्या ५४ वर्गांवर रोरर यांच्या गटाने हे करून पाहिलं (२०२०). महिन्याने न सांगता घेतलेल्या चाचणीत मिश्र सराववाल्यांना ६१ टक्के, एकजातीवाल्यांना ३८.

धडा नवा असताना मात्र मिश्र संच देऊ नका, मुलं बुडतात. नव्याला सोडवलेलं उदाहरण आणि शेजारी तसंच न सोडवलेलं, अशी जोडी. मग सोडवलेल्यातली शेवटची पायरी गाळा, मग शेवटच्या दोन. डोक्यात एका वेळी तीन-चार नव्या गोष्टींच्या वर मावत नाही. म्हणून भूमितीत 'पक्ष' (दिलेली माहिती) एका कोपऱ्यात आणि आकृती दुसऱ्या कोपऱ्यात ठेवू नका. बाजूंची मापं, समान कोनांच्या खुणा आकृतीवरच लिहा. समरूपतेत निम्मी पोरं नजर वर-खाली करण्यातच दमतात.

जुळे_सोलापूरकर
आता यंत्रांचं.

पॅनल : शेवटचा बाक ८ मीटरवर असेल तर अक्षर किमान ४ सेंटिमीटर उंच हवं. ६५ इंची पडदा जेमतेम ८१ सेंटिमीटर उंच. वेलांटी-उकार धरून मराठीच्या आठ-दहा ओळी मावतात, बस्स. पश्चिमेच्या खिडकीची चमक आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टर नसणं, हे प्रस्तावात कुणी लिहीत नाही. साधा मोठा टीव्ही, लांब एचडीएमआय केबल आणि स्टँडवर उलटा टांगलेला मोबाइल यांत जास्त काम होतं : मुलाची वही कॅमेऱ्याखाली धरून 'हिची तिसरी पायरी बघा' म्हणता येतं. व्हिडिओ लावलात तर दर ३-४ मिनिटांनी थांबवून प्रश्न विचारा. पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा मोठ्याने वाचू नका, वाचन आणि ऐकणं एकमेकांच्या पायात येतं.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची सुरुवात तर आपल्याच जिल्ह्यातली, माढा तालुक्यात परितेवाडीच्या डिसले गुरुजींची. दीक्षा अ‍ॅपवरचं साहित्य घरून डाउनलोड करून आणा, शाळेच्या नेटवर विसंबू नका.

अ‍ॅप : इथे पुरावा आहे, पण अटींसह. दिल्लीत 'माइंडस्पार्क' या शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मुरलीधरन, सिंग आणि गनिमियन यांनी चिठ्ठ्या टाकून गट पाडले. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची (मुलांच्या गुणांतल्या फरकाच्या मापाची) वाढ, जी चांगलीच मोठी. पण मुलं आठवड्यातून सहा दिवस शाळेबाहेरच्या केंद्रात यायची. ४५ मिनिटं संगणक, ४५ मिनिटं छोट्या गटात शिक्षक. आणि सॉफ्टवेअर मुलाच्या इयत्तेचं न देता त्याला जिथपर्यंत येतं तिथलं द्यायचं. आठवीच्या मुलाला अपूर्णांक अडत असतील तर अपूर्णांकच. तुमच्याकडच्या अ‍ॅपवाल्याला एवढंच विचारा : 'आठवीच्या मुलाला पाचवीचं येत नसेल तर हे आपोआप पाचवीचं देतं का?' उत्तर 'आमच्याकडे अ‍ॅनिमेशन आहे' असं आलं तर चहा पाजून निरोप द्या.

५५ मुलांच्या हातमोजणीला स्वस्त उपाय म्हणजे प्लिकर्स. कागदी कार्डं, प्रत्येक मुलाचं वेगळं, चार बाजू म्हणजे चार पर्याय. मूल कार्ड फिरवून धरतं आणि शिक्षकाचा एकच मोबाइल सगळी टिपतो. ४० कार्डांचा संच तुम्हाला पुरणार नाही, ६३ चा छापा. जाड कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन नको, उजेड परावर्तित झाला की कॅमेरा वाचत नाही. बोटं काळ्या नक्षीवर आली तरी तेच.

मज्जारज्जू
एक राहिलं, आणि तुमच्या भागात तेच आधी बघावं लागेल. विज्ञान येत नाही असं वाटणाऱ्या मुलांतली काही वाचनातच अडकलेली असतात. मेंदूविज्ञानाने इथे खरंच भर घातली आहे. वाचायला शिकताना डाव्या मेंदूच्या मागच्या-खालच्या भागातली एक जागा अक्षरांसाठी घडते. मोठेपणी साक्षर झालेल्यांतही ती घडते, हे स्टॅनिस्लास देहान यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं. म्हणजे आठवीत उशीर झालेला नाही. पण ती घडते सरावाने, आणि आपल्या लिपीत बाराखडी-जोडाक्षरांमुळे चिन्हं शेकड्यांनी असल्याने सराव जास्त लागतो. त्यात घरची भाषा तेलुगू असेल तर अक्षर जुळलं तरी शब्द ओळखीचा निघत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तपासा : न पाहिलेला सोपा उतारा, एक मिनिट, बरोबर वाचलेले शब्द मोजा. केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेची तिसरीअखेरची अपेक्षा मिनिटाला किमान ६० शब्दांची आहे. आठवीत त्याखाली असणाऱ्यांना रोज १० मिनिटं जोडीने मोठ्याने वाचन, तोच उतारा तीनदा, आणि मग आशयावर दोन प्रश्न. उतारा पाठ्यपुस्तकातला घेऊ नका, पाठ असतो. आशयाचं उत्तर तेलुगूत दिलं तरी चालेल. कळलं की नाही तेवढंच बघायचंय.

खडू_डस्टर
ठीक. टीव्ही, स्टँड, इन्व्हर्टर, कार्डं, वर्षभराच्या मिश्र संचांच्या झेरॉक्स आणि वाचनाची पुस्तकं, एवढं दीड लाखात बसतंय. ठसेवाल्यांना नकार कळवतो. शेवटची उजळणी मात्र संक्रांतीच्या आठवड्यात येतेय आणि गड्ड्याच्या जत्रेमुळे हजेरी पडते. ती पुढे ढकलू की आधी घेऊ?

तासिका४०
आधी घ्या, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. मधे दहा दिवस गेल्याने बिघडत नाही. उलट जत्रेनंतर तेच प्रश्न परत विचारले की काय टिकलं ते खरं कळेल. फक्त त्या दहा दिवसांत नवा धडा सुरू करू नका.