मदत हवी आहे: मास्टर सिलिंडर बदलूनही पिकअपचं ब्रेक पेडल घाटात खाली जातं

ओतूरकर_पिकअप

गाडी दीड टनी डिझेल पिकअप, जुनं मॉडेल. पुढे डिस्क, मागे ड्रम, व्हॅक्यूम बूस्टर (व्हॅक्यूमच्या जोरावर पेडलचा दाब वाढवणारा डबा), एबीएस नाही. माल बहुतेक टोमॅटो, रस्ता नारायणगाव–ओतूर–माळशेज–मुरबाड–कल्याण.

मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलमधून चाकांकडे पाठवणारा) बूस्टरच्या बाजूने गळत होता म्हणून बदलला. मूळ कंपनीचा मिळाला नाही, बाजारातला बसवला. तेव्हापासून घाट अर्धा उतरला की पेडल मऊ होतं आणि मग तळाला जातं. गाडी बाजूला लावून अर्धा तास थांबलं की ब्रेक पुन्हा व्यवस्थित. गॅरेजमध्ये आधी मास्टरचं किट (आतले रबरी सील) बदललं, मग मागचे व्हील सिलिंडर, हवा प्रत्येक वेळी काढली. कुठेही गळती नाही, टाकीतली ऑइलची पातळी उतरत नाही. आता पुन्हा मास्टरच बदला म्हणतात. तो खर्च करण्याआधी काय तपासावं?

पाना_बारा

पहिली गोष्ट, कारण सापडेपर्यंत भरलेली गाडी घाटात घालू नका.

थंड झाल्यावर ब्रेक आपोआप परत येतात आणि ऑइल कमी होत नाही, म्हणजे ऑइल उकळतंय. उकळल्यावर नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल तळाला जातं आणि चाकापर्यंत दाब पोहोचत नाही. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, पण ते हवेतलं पाणी शोषत राहतं आणि मुरलेल्या ऑइलचा उत्कलनबिंदू १४० पर्यंत येऊ शकतो. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५.

मास्टर आतून पास करत असेल, म्हणजे आतल्या सीलमधून दाब निसटत असेल, तर लक्षण वेगळं असतं. उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून पेडलवर एकसारखा हलका दाब धरा. पेडल हळूहळू खाली सरकत राहिलं तर मास्टरचे सील गेले. जागेवर थांबलं तर मास्टर बदलून हाती काही लागणार नाही.

एक महत्त्वाचं सांगा: घाट सुरू व्हायच्या आधी, सपाट रस्त्यावर पेडल कसं असतं? वर येऊन घट्ट होतं का?

ओतूरकर_पिकअप

दाब धरून पाहिला, पेडल जागेवर थांबतं. आणि हो, सपाटीवर दहा-बारा किलोमीटरनंतर पेडल वर येतं, खेळ (पेडलचा सुरुवातीचा मोकळा प्रवास) जवळपास राहत नाही. गाडी ओढायला जड वाटते, न्यूट्रलला सोडली तर लवकर थांबते. पुढच्या दोन्ही चाकांना जळका वास येतो.

पाना_बारा

मग मूळ दुखणं घाटात नाही, सपाटीवरच आहे. ब्रेक पूर्ण सुटत नाहीत. पॅड डिस्कला घासत राहतात, ऑइल तापून फुगतं, त्याला टाकीत परतायची वाट मिळत नाही म्हणून दाब वाढतो आणि पॅड आणखी घट्ट धरतात. पेडल वर येतं ते याचमुळे. घाटाला लागेपर्यंत सगळं आधीच तापलेलं असतं, तिथे फक्त उकळी फुटते.

दाब कुठे अडकलाय ते शोधायला गाडी बिघडलेल्या अवस्थेतच तपासावी लागते. गॅरेजमध्ये रात्रभर थंड झालेल्या गाडीत काहीच सापडणार नाही. रिकामी गाडी सपाटीवर चालवा, पेडल घट्ट झालं की थांबा. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, पुढची बाजू जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा आणि चाक हाताने फिरवा. जड असेल तर या क्रमाने:

१. बूस्टरवरचे मास्टरचे दोन नट सैल करून मास्टर २–३ मिलिमीटर पुढे ओढा. चाक लगेच मोकळं झालं तर बूस्टरचा दांडा मास्टरच्या पिस्टनला सतत दाबून धरतोय, किंवा पेडलच पूर्ण वर येत नाही.

२. नाही झालं तर मास्टरमधून पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या पाइपचा नट थोडा सैल करा. आता मोकळं झालं तर दोष मास्टरच्या आत.

३. तरीही नाही तर कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचं) हवा काढायचं निपल उघडा. ऑइल जोरात उडून चाक सुटलं तर रबरी नळी आतून फुगून बंद झालीय. बाहेरून अशी नळी अगदी चांगली दिसते.

४. निपल उघडूनही चाक जडच असेल तर कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकपिना (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना) अडकल्यात.

ऑइल गरम असतं. चष्मा आणि हातमोजे घाला. रंगावर पडलं तर रंग सोलतो, लगेच पाण्याने धुवा. दुसरा किंवा तिसरा टप्पा केलात तर हवा पुन्हा काढावी लागेल.

लायनर_ड्रम

वरच्या क्रमाशी पूर्ण सहमत. त्याआधी दोन मिनिटांचं एक काम करा. टाकीचं झाकण उघडून आतला रबरी पडदा पाहा. तो फुगून लांब झाला असेल आणि परत झाकणात बसत नसेल, तर सिस्टिममध्ये खनिज तेल गेलंय. चुकून स्टीअरिंग ऑइल ओतलं जातं, नाहीतर किट बसवताना सुटे भाग डिझेलमध्ये धुतले जातात. ही दुसरी सवय गॅरेजोगॅरेज आहे आणि ती फार घातक आहे. ब्रेकचं रबर डिझेल, पेट्रोल, ग्रीस यांनी फुगतं. फुगलेलं सील मास्टरमधलं परतीचं बारीक छिद्र झाकून बसतं. मग कितीही किटं बदला, तीच तक्रार. सुटे भाग ब्रेक ऑइलने किंवा ब्रेक क्लीनरनेच धुवायचे.

शंका असेल तर टाकीतलं थोडं ऑइल पाण्याच्या ग्लासात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, खनिज तेल वर तरंगतं. तरंगलं तर मास्टर, कॅलिपर, व्हील सिलिंडर आणि नळ्या यांतलं प्रत्येक रबर बदलून पाइप साफ करण्याशिवाय इलाज नाही.

ओतूरकर_पिकअप

पडदा सपाट आहे, फुगलेला नाही. ग्लासात काही तरंगलं नाही. पहिल्या टप्प्यालाच चाकं सुटली: नट सैल करून मास्टर पुढे ओढताच दोन्ही पुढची चाकं हाताने सहज फिरू लागली. आता दांड्याचं काय करायचं? मधे एक पातळ वॉशर घातला तर चालेल असं गॅरेजवाला म्हणतोय.

पाना_बारा

वॉशर नको. मास्टर आणि बूस्टरच्या सांध्यातलं रबरी रिंग व्हॅक्यूम धरून ठेवतं. वॉशरने तिथे फट राहिली तर बूस्टर निकामी होऊन पेडल दगडासारखं होईल.

आधी पेडलकडची बाजू. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल. मग बोटाने दाबून पाहा, साधारण ३ ते ६ मिलिमीटर मोकळा खेळ हवा. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. खेळ नसेल तर ब्रेक लाइटचा स्विच पाहा. तो जास्त पुढे बसवला की पेडलला टेकून राहतो, पूर्ण वर येऊ देत नाही. स्विच मागे घेऊन खेळ आला तर काम इथेच संपलं.

स्विच बरोबर असेल तर बूस्टरच्या पुढच्या दांड्याचं माप घ्या. पाइप न सोडता मास्टर पुढे सरकत असेल तर तसंच करा. दांड्याच्या टोकावर लहान मुलांच्या खेळण्यातल्या मातीची छोटी गोळी लावा, मास्टर पूर्ण आवळा, परत सोडा आणि गोळीची उरलेली जाडी व्हर्नियरने मोजा. मिलिमीटरच्या आत, पण थोडी का होईना जाडी उरायला हवी. गोळी पूर्ण चिरडून धातूला धातू लागला असेल तर दांडा लांब पडतोय. तुमच्याकडे बाजारातला मास्टर आल्यापासूनच त्रास सुरू झाला, त्यामुळे माझा संशय इथेच आहे: पिस्टनची खोली मूळ मास्टरपेक्षा कमी असणार.

दांड्याच्या टोकाला आट्यांचा बोल्ट असेल तर अर्धा-अर्धा फेरा आत घेत प्रत्येक वेळी मोजा. फार आत घेतला तर पेडलचा बराच प्रवास वाया जाईल. टोक जुळवता येण्यासारखं नसेल तर घासू नका. चेसिस नंबर दाखवून बरोबर पार्ट नंबरचा मास्टर मागवा, त्याला पर्याय नाही.

लायनर_ड्रम

इतकं तापलेलं ऑइल ठेवू नका, सगळं काढून सीलबंद डब्यातलं डॉट ४ भरा, लिटरभर हाताशी ठेवा. हवा काढायचा क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मागच्या अ‍ॅक्सलवर भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर मागची चाकं लोंबकळत ठेवून हवा काढू नका. अ‍ॅक्सल लोंबकळला की व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजून मागचा प्रवाह रोखतो आणि हवा आतच राहते. गाडी चारही चाकांवर उभी ठेवून हे काम करा.

पॅड काढून पाहा. काचेसारखे चकचकीत झाले असतील किंवा डिस्कवर निळे डाग, तडे दिसत असतील तर बदला. पुढच्या हबमधलं ग्रीस वितळून बाहेर आलंय का तेही बघा. सरकपिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा, चेसिसचं नको.

घाट_गिअर

भाराबद्दल बोललंच पाहिजे. ३ टनांची गाडी ५०० मीटर उंची उतरते तेव्हा जवळपास ४ युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. इंजिनने ती घेतली नाही तर सगळी डिस्क आणि ड्रमवर येते. वर आणखी एक टन टाकला की सव्वा युनिटहून जास्त वाढ. क्रेट मोजून अंदाज बांधू नका, वजनकाट्यावर घ्या आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडा.

उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा किंवा तिसरा गिअर टाका. पाय सतत टेकवून ठेवू नका. वेग वाढला की ठामपणे दाबा, उतरला की पूर्ण सोडा. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणं तर कधीच नको, दोन-तीन दाबांत बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो.

पेडल तळाला गेलंच तर भराभर पंप करा, एकेक गिअर खाली घ्या, हँडब्रेक हळूहळू ओढा. तो केबलवर चालतो, ऑइल उकळलं तरी मागचे ड्रम धरतो. गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, तडा जातो.

ओतूरकर_पिकअप

स्विच ठीक आहे, खेळही आहे. गोळी मात्र पूर्ण चिरडली आणि दांड्याला बोल्ट नाही. चेसिस नंबर देऊन मास्टर मागवतो, सोबत डॉट ४ आणि पुढचे पॅड. बसवल्यावर आधी काय तपासू?

पाना_बारा

पाइप जोडण्याआधी गोळीचं माप पुन्हा. मग रिकाम्या गाडीने सपाटीवर पंधरा किलोमीटर, ब्रेक कमीत कमी वापरून. थांबल्यावर डिस्कला हात न लावता चारही चाकांजवळ तळवा धरा. एखादं चाक वेगळं गरम लागलं तर त्याचं कॅलिपर किंवा ड्रम उघडा. पेडल निघताना होतं तिथेच राहिलं तर अर्धा माल भरून हीच फेरी पुन्हा, आणि त्यानंतर घाट.