हिवाळाभर उभ्या गाडीत उंदीर घुसू नयेत म्हणून काय करता?

निळी_हॅचबॅक

नमस्कार मंडळी, थंडी तोंडावर आलीय म्हणून आत्ताच विचारून ठेवते. आमची एक गाडी हिवाळाभर शेडमध्ये उभी असते, थंडी सरली की बाहेर निघते, मधे तिला कोणी हात लावत नाही. गेल्या खेपेला बाहेर काढली आणि ब्लोअर चालू केला तर कुबट वास आणि व्हेंटमधून कापसासारखे तुकडे उडायला लागले. मेकॅनिकने उघडून बघितलं तर केबिन फिल्टरवर चक्क घरटं, बॉनेटखालचं इन्सुलेशन कुरतडून त्याचंच बनवलेलं, शिवाय इंजिनवरच्या दोन-तीन वायरी अर्ध्या खाल्लेल्या. खूप वाईट वाटलं, गाडी जुनी असली तरी जिव्हाळ्याची आहे.

शेड पक्की नाहीये, खाली माती, दाराखाली फट आहे. कोणी सांगतं पुदिन्याचं तेल, कोणी डांबरगोळ्या, कोणी आवाजाचं मशीन, कोणी सरळ औषध घाला म्हणतं. औषधाची मला भीती वाटते कारण शेजारची मांजर शेडमध्ये येऊन बसते. ज्यांनी स्वतः करून बघितलंय त्यांनी प्लीज सांगा, खरंच कशाने फरक पडतो? आणि गाडीवर कव्हर घालायचं की नाही?

जुनं_इंजिन

ताई, तुम्ही थंडीच्या आधी विचारलंत हे फार बरं झालं, कारण एकदा घरटं झालं की मग त्यांना हलवणं अवघड असतं. मी बरीच वर्षं जुन्या गाड्या ठेवतो, त्यावरून सांगतो.

आधी हे लक्षात घ्या की उंदराला तुमच्या गाडीत काय मिळतं. कोरडी जागा, वारा नाही, अंधार, आणि घरट्यासाठी मऊ सामान आयतं (इन्सुलेशन, सीटचा फोम, फिल्टरचा कागद). खायला मिळालं तर उत्तमच पण नाही मिळालं तरी तो राहतो, बाहेर खाऊन येतो. त्यामुळे नुसता वास मारून तो जाईल ही आशा सोडा. बाहेर कडाक्याची थंडी आणि आत पिल्लं असताना पुदिन्याचा वास आला म्हणून कुठलीही आई घर सोडत नाही. तेलाचा वास काही दिवसांत उडतो आणि गाडी महिनोन्महिने उभी. डांबरगोळ्या तर गाडीत अजिबात टाकू नका, त्यातलं नॅप्थालीन (किंवा दुसरं जे रसायन असतं ते) हवेत मिसळतं, आपल्या फुप्फुसाला वाईट, आणि तो वास सीटच्या कापडात आणि एसीच्या डक्टमध्ये असा मुरतो की उंदीर परवडला असं होतं.

आवाजाच्या मशीनचं पण तेच. तो अल्ट्रासॉनिक आवाज भिंत, खोकं, सीट कशातूनच पलीकडे जात नाही, अंतराबरोबर पटकन विरतो, आणि उंदरांना त्याची सवय होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 मध्ये अशी मशीन बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना पत्रं पाठवली होती, की तुमच्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा.

मग काय करायचं तर भोकं बंद करायची. छोटा उंदीर साधारण 6 मिमीच्या फटीतून आत जातो, म्हणजे पेन्सिल जाईल तिथून तो जाईल, डोकं आत गेलं की बाकी अंग तो ओढून घेतो. मोठ्या उंदराला साधारण 12 मिमी पुरतात. गाडीच्या बाबतीत मुख्य रस्ते हे:

वायपरखालची ताज्या हवेची जाळी, म्हणजे काउल. तुमचं घरटं बहुतेक इथूनच आलं. तिथे 6 मिमी किंवा त्याहून बारीक भोकांची गॅल्व्हनाइज्ड तारेची जाळी कापून आतून बसवा, ही एकदा बसवली की कायमची, पाणी पण अडत नाही. गाडी बंद करायच्या आधी हवा रीसर्क्युलेशनवर टाका, त्याने आतला फ्लॅप बंद होतो (सगळ्या गाड्यांत तो बंदच राहतो असं नाही, तेव्हा जाळी हवीच).

एअर फिल्टरच्या डब्याचं तोंड. इथे घरटं झालं आणि लक्षात न येता गाडी चालू केली तर तो चोथा फिल्टरवर ओढला जातो.

सायलेन्सरचं टोक. यात तांब्याची किंवा स्टेनलेसची जाळी कोंबा. साधं स्टील वूल ओलाव्याने गंजतं आणि डाग पाडतं.

या सगळ्यात कोंबलेल्या प्रत्येक गोष्टीला लांब लाल रिबन बांधा आणि स्टिअरिंगवर मोठा कागद लावा, काय काय बंद केलंय त्याची यादी लिहून. हे प्लीज विसरू नका, सायलेन्सर बंद असताना इंजिन चालू करायचं नसतं.

गाडी आतून पूर्ण रिकामी करा. सीटखालचे बिस्किटाचे तुकडे, ग्लव्ह बॉक्समधले टिश्यू, डिकीतलं जुनं ब्लँकेट, कागदपत्रं, सगळं काढा आणि व्हॅक्यूम मारा. लहान मुलांची कार सीट असेल तर ती पण घरात, तिच्या फटींत इतका खाऊ अडकलेला असतो की विचारू नका.

आणि शेड. खरं काम शेडमध्येच आहे. पक्ष्यांचे दाणे, कुत्र्याचं खाणं, गवताचं बी असल्या पिशव्या तिथे असतील तर एक तर हलवा नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा, प्लास्टिकचा डबा ते कुरतडतात. भिंतीला टेकवलेली लाकडं, खोकी लांब सरकवा. गाडीच्या चारी बाजूंना मोकळी जागा ठेवा, उघड्यावरून पळायला उंदीर घाबरतो, तो नेहमी भिंतीच्या कडेकडेने जातो. दाराखालच्या फटीला रबर लावून उपयोग नाही, पत्र्याची पट्टी मारा.

कव्हरबद्दल, जमिनीपर्यंत लोंबणारं कव्हर म्हणजे त्यांच्यासाठी तंबू. शेडमध्ये धूळ असेल तर हलकं कव्हर घाला पण खालून चाकं उघडी राहतील असं.

हिरवं_पान

मी मात्र पुदिन्याचं तेल वापरते आणि माझ्या गाडीत आजवर उंदीर आलेला नाही. कापसाचे बोळे भिजवून बॉनेटखाली आणि डिकीत ठेवते, दर आठवड्याला बदलते. रसायन नको असेल तर करून बघायला काय हरकत आहे?

जुनं_इंजिन

हरकत काहीच नाही, पण तुम्ही दर आठवड्याला तिथे जाता, बॉनेट उघडता, हात फिरवता, मला वाटतं खरा फरक त्याने पडतो. उंदराला शांतता हवी असते. तेल न घालता नुसतं दर आठवड्याला बॉनेट उघडून बघितलंत तरी बराच उपयोग होईल. फक्त तेलाचे बोळे ठेवायचे तर गाडी सोडून जाताना काढून न्या, नाहीतर वास उडाला की उरलेला कापूस घरट्याला.

वायर_आणि_फ्यूज

मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, उंदरांनी खाल्लेल्या वायरी जोडणं हे थंडीनंतर आमचं नेहमीचं काम, त्यामुळे दोन शब्द.

लोक म्हणतात हल्ली कंपन्या सोयाबीनपासून बनवलेलं इन्सुलेशन वापरतात म्हणून उंदीर वायर खातात. त्यात किती तथ्य आहे यावर वाद घालत बसू नका, कारण जुन्या पीव्हीसी वायरिंगच्या गाड्या पण आमच्याकडे तशाच येतात. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं, चव आवडली नाही तरी. होंडा कंपनी मिरचीतलं कॅप्सेसिन लावलेली टेप विकते, ती हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) गुंडाळायची. मी वापरलीय, चांगली आहे, पण ती सगळीकडे गुंडाळता येत नाही, इंजेक्टर आणि सेन्सरच्या शेवटच्या वीतभर वायरी उघड्या राहतात आणि नेमक्या तिथेच दात लागतात. तेव्हा टेप हा एकमेव उपाय समजू नका. गुंडाळताना हातमोजे घाला, नंतर डोळ्याला हात लागला तर फार झोंबतं.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे गाडी उभी करताना बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा. किंवा बॅटरीच बाहेर काढा आणि वेगळी चार्जिंगला लावा. इन्सुलेशन गेलेली उघडी वायर पत्र्याला टेकली आणि बॅटरी जोडलेली असली की शॉर्ट, आणि खाली कोरड्या काड्या-कापसाचं घरटं. आग लागायला आणखी काय पाहिजे? मी हे घाबरवायला सांगत नाहीये, अशी जळलेली हार्नेस मी हातात घेतलेली आहे. केबल काढायच्या आधी रेडिओचा कोड वगैरे लागत असेल तर लिहून ठेवा.

थंडी संपल्यावर चावी फिरवायच्या आधी टॉर्च घेऊन बॉनेटखाली नीट बघा, एअर बॉक्स उघडा, आणि वायर चावलेली दिसली तर नुसती काळी टेप गुंडाळून चालवू नका. तांबं हिरवं पडलेलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन जोडायचा, सोल्डर किंवा क्रिंप, वरून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी).

माळरान

औषधाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. घालू नका. बाजारात मिळणारी बरीचशी औषधं रक्त गोठू न देणारी असतात, ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकूम वगैरे. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस लागतात, तेवढ्यात तो तुमच्या डक्टमध्ये किंवा सीटखाली जाऊन मरतो आणि मग तो वास काढायला डॅशबोर्ड खोलावा लागतो. "औषध खाल्लं की तहान लागून बाहेर जाऊन मरतो" हे खरं नाही. आणि ती शेजारची मांजर, किंवा एखादं घुबड, असा विषारी उंदीर खाऊन स्वतः मरू शकतं. घुबडाच्या एका जोडीने जेवढे उंदीर कमी होतात तेवढे कुठल्याही डब्यातल्या औषधाने होत नाहीत असं माझं मत आहे, त्यांना मारून आपण आपलंच नुकसान करतो. चिकट गोंदाचे बोर्ड पण नकोत, फार हाल होतात जिवाचे.

साधा स्प्रिंगचा चाप लावा. मरण झटक्यात येतं आणि तुम्हाला कळतं किती होते.

निळी_हॅचबॅक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. पुदिना आणि मशीनचा विचार सोडला. जाळी आणि पत्र्याची पट्टी या आठवड्यातच करून घेते, बॅटरी काढून घरात आणते.

अजून काही शंका आहेत. चाप गाडीच्या आत ठेवायचे का? मांजरीचा पंजा अडकला तर? बॉनेट उघडं ठेवलं तर उंदीर येत नाहीत असं वाचलं, खरं आहे का? आणि नवऱ्याचं म्हणणं आहे अधूनमधून गाडी चालू करून दहा मिनिटं ठेवायची म्हणजे ते पळून जातील. शिवाय गेल्या खेपेच्या लेंड्या डिकीत अजून आहेत, त्या ब्रशने झाडल्या की झालं ना?

साफसफाई_पहिली

ताई थांबा, झाडू नका!! व्हॅक्यूम पण नको. कोरड्या लेंड्या आणि मूत झाडलं की त्याची धूळ हवेत उडते आणि हंटाव्हायरससारखे आजार त्या धुळीतून श्वासावाटे होतात. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो तो वेगळाच. मी हॉस्पिटलमध्ये काम करते म्हणून हे कळकळीने सांगतेय.

आधी सगळी दारं उघडून अर्धा तास गाडी वाऱ्यावर सोडा आणि तुम्ही लांब थांबा. मग रबरी हातमोजे आणि एन-95 मास्क घालून, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण लेंड्यांवर आणि घरट्यावर भिजेपर्यंत फवारा. पाच मिनिटं तसंच राहू द्या, मग कागदी टॉवेलने उचलून पिशवीत बांधून टाका. ब्लीचने सीटचं कापड विटतं तेव्हा कापडावर त्यासाठीचं वेगळं जंतुनाशक वापरा. केबिन फिल्टर धुऊन परत लावू नका, नवीनच घाला. शेवटी हातमोजे घातलेलेच हात साबणाने धुवा, मग मोजे काढा, मग परत हात.

माळरान

चाप गाडीत नको, आत ठेवलेल्या खाण्याच्या वासाने तुम्हीच त्यांना आमंत्रण द्याल. शेडच्या भिंतीला लागून ठेवायचे, भिंतीशी काटकोनात, खाण्याचं टोक भिंतीकडे. पीनट बटर अगदी वाटाण्याएवढं पुरतं, जास्त लावलं तर चाप न उडवता चाटून जातात. खाण्याऐवजी दोऱ्याचा किंवा कापसाचा बोळा बांधला तरी चालतो, थंडीत घरट्याच्या सामानाला ते भुलतात. चाप लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि पेटीला उंदीर जाईल एवढंच भोक, मग मांजरीचा प्रश्न मिटला. छोटा उंदीर घरट्यापासून फार लांब जात नाही, बहुतेक वेळा 3 ते 10 मीटरच्या आतच फिरतो, म्हणून एक-दोन चाप ठेवून भागत नाही, दोन-तीन मीटरवर एकेक हवा. मोठे उंदीर असतील तर त्यांना नवीन वस्तूची भीती वाटते, आधी काही दिवस चाप न लावता नुसतं खाणं ठेवून सवय लावा आणि मग लावा.

आणि हे काम आत्ता करा, गाडी आत न्यायच्या आधी. मादीला साधारण तीन आठवड्यांत पिल्लं होतात, एका वेळी पाच-सहा, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः व्यायला तयार. सुरुवातीला एक जोडी धरली तर थंडी संपेपर्यंत काय होईल हिशोब करा.

जुनं_इंजिन

बॉनेट उघडं ठेवणं चांगलं, अंधार आणि ऊब दोन्ही जातात आणि त्यांना ती जागा उघडी वाटते. बॅटरी काढलेली असली की बॉनेटच्या दिव्याची पण चिंता नाही. पण तेवढ्यावर विसंबू नका, घरटं केबिन फिल्टरजवळ झालं तर बॉनेट उघडं असून काय उपयोग.

दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं म्हणाल तर त्यांना सांगा नको. तेवढ्यात तेल नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, आणि वर तुम्ही उंदरांना गरम इंजिन देता. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर चालवायची, ते जमत नसेल तर अजिबात चालू करू नका.

त्याऐवजी गाडीभोवती जमिनीवर टाल्कम पावडरचा पातळ पट्टा मारा. माती असेल तर खाली जुना प्लायवूड टाका आणि त्यावर मारा. आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन जायचं, पायाचे ठसे आहेत का बघायचं, ठसे ज्या बाजूने आलेत तिथे आणखी दोन चाप लावायचे आणि त्या बाजूच्या भिंतीत भोक शोधायचं. टायरच्या आसपास ठसे दिसले तर त्याच दिवशी एअर बॉक्स आणि काउल उघडून बघा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

निळी_हॅचबॅक

समजलं. लेंड्या सांगितल्याप्रमाणे ओल्या करूनच काढते, मास्क आहे घरात. प्लायवूड पण पडलाय एक. काउल उघडल्यावर जाळी कशी बसवायची ते कळलं नाही तर फोटो टाकून विचारेन.

वायर_आणि_फ्यूज

टाका नक्की. जाळीच्या कापलेल्या कडा आत दुमडा, नाहीतर त्याच तारा वायपरच्या वायरिंगला घासतील.