अनुभव धागा: दगड न पडणारं रिंगण

मंडळी, विल्यम गोल्डिंगच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज'मध्ये (१९५४) एक छोटा प्रसंग आहे. निर्जन बेटावर अडकलेल्या इंग्लिश शाळकरी मुलांपैकी रॉजर हा वाळूत खेळणाऱ्या लहानग्या हेन्रीच्या दिशेने दगड भिरकावतो, पण मुद्दाम नेम चुकवून. हेन्रीभोवती सुमारे सहा यार्डांचं रिंगण आहे, त्याच्या आत दगड टाकायची रॉजरची छाती होत नाही. आईबाप, शाळा, पोलीस, कायदा, सगळं दूर राहिलेलं; तरी हात अडतो. पुढे हाच रॉजर कड्यावरून धोंडा लोटतो. चष्मेवाला, जाडा पिगी मरतो, आणि सभेत बोलायचा हक्क ज्याच्या हाती असे त्या शंखाचा चुरा होतो. मला त्या मरणापेक्षा हे रिंगण जास्त छळतं, कारण ते हळूहळू पुसलं जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

अशी पुस्तकं, नाटकं वाचताना स्वतःच्या आयुष्यातलं काही आठवलं असेल तर लिहा. तुम्ही तेव्हा कुठे उभे होतात, तेही लिहा.

सुरुवात मी करतो. अकरावीला वसतिगृहात होतो. खोलीत एक नवा मुलगा आला, बोलताना अडखळणारा. आधी त्याच्या चपला लपल्या, मग जेवणाचं ताट. महिन्याभरात रात्री अंधार करून त्याला घोंगडीत गुंडाळून मारायचा बेत ठरला. मी त्याला बोटही लावलं नाही. पण दिव्याचं बटण माझ्या कॉटशेजारी होतं, आणि दिवा मी मालवला.

सांगलीहून

तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) आम्ही स्पर्धेसाठी बसवलं होतं. हौशी नाटकवाले वेळ घालवायला लुटुपुटूचा खटला रचतात, बेणारेबाईंना आरोपी करतात, आणि बघता बघता खेळाची शिकार होते. मी सामंत करायचो. साधा, गावातला माणूस. त्याला साक्षीला उभं करतात तेव्हा तो हातातल्या कादंबरीतलं वाचून दाखवतो. ते खोटं आहे हे त्याला माहीत, ऐकणाऱ्यांनाही माहीत. तरी फास त्यातूनच आवळत जातो.

तालमीच्या तिसऱ्या आठवड्यात बेणारे करणारी मुलगी एका वाक्यावर अडली. आमच्यातला एक जण त्या खटल्यात न्यायाधीश झालेल्या काशीकरांच्याच आवाजात तिच्या मोडलेल्या लग्नाबद्दल काहीतरी बोलला. सगळे हसले. मीही. दिग्दर्शक ‘थांबा’ म्हणाला, तरी हसणं थांबेना. त्या हसण्यात तालमीतलंच हसणं होतं, फक्त आता ते कुणी शिकवलेलं नव्हतं. ती उठून दाराकडे गेली. आमच्या खोलीची कडी गच्च बसायची, जोर लावून ओढावी लागे. ती ओढत राहिली. नाटकातही बेणारेबाई जायला निघतात तेव्हा दार उघडत नाही, आणि हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. तरी एकही जण उठला नाही.

दोन दिवसांनी ती आली, प्रयोगही केला. शेवटी सामंत पडून राहिलेल्या बाईंजवळ हिरवा कापडी पोपट ठेवतो. तो ठेवताना माझा हात थरथरत होता, आणि लोकांना तो अभिनय वाटला. मी तिची माफी अजून मागितलेली नाही.

निवृत्त विज्ञान शिक्षक, अमरावती

'लॉर्ड ऑफ द फ्लाईज'मधली मुलं पिगीच्या चष्म्याने ऊन एकवटून जाळ पेटवतात. पण पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याच्या चष्म्याचं भिंग अंतर्गोल. अंतर्गोल भिंग किरण फाकवतं, त्याने जाळ पेटणार नाही. गोल्डिंग स्वतः शाळामास्तर होते, त्यांनी हे तपासायला हवं होतं असं मला आजही वाटतं. या एका चुकीपायी मी ते पुस्तक अर्ध्यावर मिटलं होतं.

परत उघडलं ते पुष्कळ वर्षांनी. पिगी चोरलेला चष्मा परत मागायला जातो, उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून. तिथे मला माझी सातवी आठवली. पोरांनी माझा चष्मा विहिरीच्या कठड्यावर ठेवून ‘ये, घे’ म्हटलं होतं. मला फक्त पुसट आकार दिसत होते आणि ते हसत होते. कोण कोण होते ते आजही सांगता येणार नाही.

परिचारिका, पुणे

२०२० च्या मे महिन्यात ड्यूटीवरून आले तर इमारतीचं फाटक आतून बंद. ‘ताई, तुम्ही काही दिवस हॉस्पिटलमध्येच राहा ना,’ असं गोड आवाजात सांगणारे काका दिवाळीला माझ्याकडे फराळाचं ताट पाठवायचे. मी तासभर रस्त्यावर उभी होते. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या आजी काठी टेकत खाली आल्या आणि त्यांनी फाटक उघडलं. कुणाशी भांडल्या नाहीत.

त्यानंतर मी काम्यूची 'द प्लेग' (१९४७) वाचली. ओरान शहरात आधी उंदीर मरतात, मग माणसं, आणि डॉक्टर रिय रोज सकाळी आपल्या कामाला जातो. लोक त्यात मोठमोठं तत्त्वज्ञान शोधतात. मला आजींची काठी दिसली.

प्राथमिक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

गोल्डिंगची गोष्ट वर्गात सांगायचं माझं धाडस झालं नाही. तिच्याऐवजी पॅसिफिक महासागरातल्या टोंगा देशातल्या मुलांची खरी गोष्ट सांगितली. १९६५ मध्ये सहा मुलगे शाळेला कंटाळून होडी घेऊन पळाले, वादळात सापडले आणि अटा नावाच्या ओसाड बेटावर पंधरा महिने राहिले. त्यांनी आग विझू दिली नाही, पाणी साठवलं, बाग केली. एकाचा पाय मोडला तर इतरांनी तो बांधला आणि तो बराही झाला. भांडण झालं की दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जायचं, राग शांत झाला की परत यायचं.

गोल्डिंग खोटं लिहितो असं मला म्हणायचं नाही. वर सांगलीच्या दादांनी लिहिलंय ते वाचून तर नाहीच.

पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चौथीतल्या दोघांची जुंपली. मी पोचेपर्यंत बाकीच्यांनी त्यांना व्हरांड्याच्या दोन टोकांना नेऊन बसवलं होतं, आणि एक मुलगी मधोमध उभी राहून दोघांकडे आळीपाळीने बघत विचारत होती, ‘झाला का रे शांत? तुझा झाला का?’