अनुभव धागा: कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात साहित्य आणि विज्ञानाचे विषय कसे निवडायचे?

बे एरियात, लॉस एंजेलिसकडे किंवा सॅक्रामेंटोत राहणारी बरीच मराठी मुलं आणि एच-४ वरची (एच-१बी नोकरदारांच्या जोडीदारांचा आणि मुलांचा व्हिसा) मंडळी आधी कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून मग यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा सीएसयूत (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) जातात. साहित्य आणि विज्ञानाचे विषय निवडताना काय बघावं, गाडी कुठे अडते, ते इथे लिहा. कौतुकं नकोत, तपशील द्या.

काटेकोर
विषयाच्या नावावर जाऊ नका, तो कोणत्या रकान्यात बसतो ते बघा. २०२५ च्या फॉलपासून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना कॅलगेट्सी, म्हणजे यूसी-सीएसयूत जाण्यासाठीचा सामान्य शिक्षणाचा एकच आराखडा, लागू आहे: ११ विषय, किमान ३४ सेमिस्टर युनिटं (युनिट म्हणजे क्रेडिटचं माप), प्रत्येकात सी श्रेणी किंवा वर. सी-मायनस चालत नाही. साहित्य मानव्यविद्यांच्या ३-बी रकान्यात मोजतात. भौतिक विज्ञान ५-ए, जीवविज्ञान ५-बी आणि प्रयोगशाळा ५-सी. एक विषय एकाच रकान्यात मोजला जातो (लॅबसहचं विज्ञान तेवढं ५-सी पण भागवतं), हे बरेच जण विसरतात. कॉलेजची कॅलगेट्सी यादी आणि असिस्ट (कोणता विषय यूसी-सीएसयूत कसा धरतात ते दाखवणारं संकेतस्थळ), दोन्ही उघडून नाव आणि क्रमांक जुळवा. सर्जनशील लेखनाचा वर्ग साहित्य म्हणून धरण्याआधी तर नक्कीच. तो इंग्रजी विभागात असला तरी ३-बीच्या यादीत असेलच असं नाही.

परीक्षानळी
विज्ञानेतर शाखेला दोन्ही विज्ञानांना प्रयोगशाळा लागत नाही, एकच पुरे. खगोलशास्त्र किंवा भूशास्त्र नुसत्या व्याख्यानाचं, ३ युनिटं. मानवी जीवशास्त्र प्रयोगशाळेसह, ४ युनिटं. झालं काम. फसगत होते ती दोन्ही विषय नुसत्या व्याख्यानाचे घेतल्यावर. मग एका युनिटाचा सुटा लॅब वर्ग शोधावा लागतो, तो त्याच व्याख्यानाला जोडलेला लागतो आणि पुढच्या सत्रात असेलच याची खात्री नाही.

वेळेचा हिशेबही करा. व्याख्यानाचं एक युनिट म्हणजे आठवड्याला वर्गात १ तास आणि घरी २. लॅबचं एक युनिट म्हणजे लॅबमध्ये ३ तास. विज्ञान शाखेचं ५ युनिटांचं सामान्य रसायनशास्त्र बहुधा ३ तास व्याख्यान आणि ६ तास लॅब असं असतं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याचे दोन दिवस त्यातच जातात. म्हणून नावनोंदणीत आधी लॅबची वेळ पक्की करा, बाकीचे विषय तिच्याभोवती बसवा. साहित्याचे वर्ग ऑनलाइनही मिळतात, लॅबच्या जागा आधी भरतात.

पानोपानी
साहित्याकडे ‘सोपं’ म्हणून बघणाऱ्यांसाठी आकडा: ३ युनिटं म्हणजे साधारण १४४ तासांचं काम. १६ आठवड्यांत आठवड्याला ९ तास, पण सहा आठवड्यांच्या समर सत्रात २४. समरमध्ये सर्वेक्षणाचा (एका मोठ्या कालखंडातलं साहित्य धावतं वाचण्याचा) अभ्यासक्रम आणि लॅबचं विज्ञान एकत्र घेणं म्हणजे हौसेने मान अडकवणं. समरमध्ये साहित्य घ्यायचंच असेल तर कथा किंवा लघुकादंबरीवरचा वर्ग घ्या.

पायरी चुकवू नका. आधी इंग्रजी सी१००० (वाचन-लेखनाचा पायाभूत वर्ग), मग सी१००१ (चिकित्सक विचार आणि लेखन). बऱ्याच साहित्याच्या वर्गांना सी१००० ही पूर्वअट असते. भारतातल्या पदवीवर पूर्वअट माफ करून घ्यायची असेल तर गुणपत्रकांचं मूल्यांकन मान्यताप्राप्त संस्थेकडून आधीच करून ठेवा. नावनोंदणीच्या आठवड्यात ते उरकत नाही. अमेरिकन आणि ब्रिटिश साहित्याचे सर्वेक्षण वर्ग दोन भागांत असतात, पण दुसरा भाग आधी घेतला तरी सहसा अडत नाही. वाचायला तोच सोपा, माझं मत.

चवन्नी
फी: कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला सेमिस्टर युनिटामागे ४६ डॉलर, क्वार्टरच्या, म्हणजे छोट्या तिमाही सत्रांच्या, कॉलेजात ३१. रहिवासी ठरायला एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचा पुरावा लागतो. एच-४ वाल्यांना हे जमतं, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना नाही. वेळापत्रकात ‘शून्य पुस्तकखर्च’ ही खूण शोधा, ओपनस्टॅक्स या प्रकाशनाची ऑनलाइन पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात.

काटेकोर
परीक्षानळी यांच्या मुद्द्याला जोडून: डी अँझा आणि फूटहिल क्वार्टर पद्धतीची आहेत. तिथे सामान्य रसायनशास्त्र तीन भागांत, सेमिस्टरच्या कॉलेजांत दोन. मधूनच कॉलेज बदललं तर भाग जुळत नाहीत, मालिका एकाच ठिकाणी संपवा.

यूसीची आणखी एक अट असिस्टच्या यादीत विषयाशेजारी बारीक अक्षरांत असते: वरच्या पातळीचा विषय झाल्यावर प्राथमिक घेतला तर त्याचं क्रेडिट नाही. म्हणजे विज्ञान शाखेचं जीवशास्त्र करून मग ‘हलकं’ म्हणून प्रास्ताविक घेतलं तर ती युनिटं वाया. पास-नापास पद्धतीची १४ पेक्षा जास्त सेमिस्टर युनिटं यूसी प्रवेशाला लागणाऱ्या ६० युनिटांमध्ये धरत नाही आणि मुख्य विषयाच्या पूर्वतयारीला अक्षरश्रेणीच घ्या. अभियांत्रिकीला जाणाऱ्यांनी तर कॅलगेट्सी मागे ठेवून गणित, भौतिकशास्त्र आधी संपवावं.

पानोपानी
शाळेत असतानाच वर्ग घेणाऱ्यांसाठी: यूसीच्या हिशेबात कॉलेजातला ३ सेमिस्टर युनिटांचा एक वर्ग शाळेच्या एका पूर्ण वर्षाइतका धरतात. पण ती श्रेणी कॉलेजच्या नोंदीत कायमची राहते. जमत नसेल तर वर्ग नोंद न होता सोडण्याची तारीख पहिल्या काही आठवड्यांतच येते, त्यानंतर ‘डब्ल्यू’, म्हणजे वर्ग सोडल्याची नोंद. ती तारीख प्रत्येक वर्गाची वेगळी असू शकते, म्हणून पहिल्याच दिवशी कॅलेंडरमध्ये टाका.