कोयना खोऱ्यातल्या, खांबापासून दूरच्या घरासाठी वीज: सौर, वारा की ओढा?

खोरेकर:

नमस्कार. पाटण तालुक्यात, कोयनेच्या पात्रापासून बरेच वर डोंगरउतारावर आमचे आजोबांच्या काळातले घर आहे. वाडीतली बाकीची कुटुंबे केव्हाच खाली रस्त्यालगत राहायला गेली आणि विजेचा शेवटचा खांबही तिथेच, साधारण दीड किलोमीटरवर थांबला. तिथून घरापर्यंत खांब आणि तारा आणण्याचा खर्च आम्हाला पेलणारा नाही, शिवाय मधला काही पट्टा वनखात्याच्या हद्दीतून जातो. ज्या खोऱ्याच्या पाण्यावर १,९६० मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प चालतो, त्याच खोऱ्यात आम्ही अजून रोज संध्याकाळी कंदिलाची काच पुसतो, हे पाहुण्यांना सांगूनही खरे वाटत नाही.

वडील यंदा निवृत्त झाले असून आई-वडील भातलावणीपासून होळीपर्यंत तिथेच राहणार आहेत. मी महिन्यातले आठ-दहा दिवस तिथून लॅपटॉपवर काम करीन. गरजेची यादी अशी: नऊ वॅटचे सहा दिवे, दोन पंखे, १९० लिटरचा फ्रिज, लॅपटॉप, राउटर, मिक्सर आणि विहिरीवरचा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप. एका विक्रेत्याने तीन किलोवॅटची पॅनेल आणि चार ट्युब्युलर (शिसे-आम्ल जातीच्या) बॅटऱ्या सुचवून ‘वर्षभर बघायला नको’ असे सांगितले, आणि सूर्यघर योजनेचे अनुदानही मिळवून देतो म्हणाला. दुसऱ्याने सौर आणि पवनचक्की असा जोडसंच सुचवला. ‘वांकुसवड्याला एवढ्या पवनचक्क्या आहेत, मग तुमच्याकडे वारा कमी आहे का?’ हा त्याचा युक्तिवाद. घराच्या दक्षिणेला अंगण मोकळे आहे, पश्चिमेला मात्र डोंगर उभा असल्याने हिवाळ्यात चारच्या सुमारास ऊन जाते. छप्पर मंगलोरी कौलांचे आहे. घरामागचा ओढा जूनमध्ये वाहू लागतो आणि जानेवारीत आटतो. अशा ठिकाणी ज्यांनी स्वतः संच बसवून दोन-तीन पावसाळे काढले आहेत, त्यांचे मत हवे आहे.

पठारवासी:

विक्रेत्याच्या ‘वर्षभर’ या शब्दातच मेख आहे. ताम्हिणीच्या अंगाला मी सहा पावसाळे विजेच्या तारेशिवाय काढले आहेत, आणि त्यातून शिकलो ते हे की आपल्या घाटमाथ्यावर संच वर्षाच्या सरासरीवर मोजायचा नसतो, आखाडावर मोजायचा असतो. माझी पॅनेल १.२ किलोवॅटची आहेत. एप्रिल-मेमध्ये ती दिवसाला पाच युनिटांच्या आसपास देतात आणि त्यातली निम्मी वीज कुठे खर्च करावी हे कळत नाही; जुलैत तीच पॅनेल दीड युनिटावर येतात, आणि झड लागली की सलग तीन-चार दिवस अर्ध्या युनिटावरच अडकतात. पहिल्या वर्षी अशाच एका झडीत इन्व्हर्टर पहाटे साडेतीनला ओरडू लागला, आणि मी बॅटरीच्या आकड्याकडे टॉर्च धरून बसलो होतो, जणू बघत राहिल्याने तो वाढणार होता.

तुमची यादी मांडून पाहिली. दिवे पाच तासांचे धरले तर पाव युनिट. पंखे साधे असतील तर प्रत्येकी ७५ वॅट घेतात, कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, म्हणजे बीएलडीसी, घेतलेत तर ३० वॅटच्या आसपास, म्हणजे आठ तासांत दोघांचे मिळून अर्धे युनिट. फ्रिजचे पाऊण, लॅपटॉपचे पाव. राउटर दहाच वॅटचा, पण चोवीस तास चालू म्हणून तोही पाव. पंप रोज पाऊण तास चालला तर ०.४. मिक्सर सोडून द्या. बेरीज अडीच युनिटांच्या आत-बाहेर येते. यात सहसा कोणी धरत नाही तो खर्च इन्व्हर्टरच्या स्वतःच्या खाण्याचा आहे: काहीही जोडलेले नसतानाही तो पंधरा-वीस वॅट घेत राहतो, आणि दिवसभरात ते जवळजवळ अर्धे युनिट होते, तुमच्या सगळ्या दिव्यांहून जास्त. मी दिवे, राउटर आणि मोबाइलचे चार्जिंग इन्व्हर्टर टाळून बॅटरीवरून थेट डीसीवर (एकाच दिशेच्या प्रवाहावर) घेतले आहे आणि झडीच्या दिवसांत इन्व्हर्टर फक्त दुपारी चालू करतो.

दिलाशाची गोष्ट अशी की आखाडात पंखा लागत नाही, आणि ओढ्याचे पाणी पाइपने उतारावरून टाकीत आणता आले तर पंपही लागत नाही. फ्रिज रात्री बंद ठेवलात तर तेव्हाची गरज दीड युनिटांवर येते. त्यामुळे दोन किलोवॅटची पॅनेल आणि २४ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी, म्हणजे पाच युनिटांचा साठा, एवढ्यावर तुमचे भागेल, काही दिवस ओढाताण होईल. पैसे उरले तर बॅटरी वाढवण्याऐवजी पॅनेल वाढवा. झडीत बॅटरी मोठी असून उपयोग नाही, कारण ती भरायलाच काही नसते. ढगाळ उजेडात मात्र दुप्पट पॅनेल दुप्पट वीज देतात.

पॅनेल कौलांवर चढवू नका. अंगणात लोखंडी अँगलचा स्टँड करा, म्हणजे शेवाळ पुसायला आणि वानरांना हाकलायला सोपे जाते. आपल्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो, म्हणून जास्त तिरपे करण्यात अर्थ नाही. दहा ते पंधरा अंश पुरे, दहाच्या खाली मात्र पाणी आणि धूळ साचते. डोंगर पश्चिमेला आहे, तर तोंड थोडे आग्नेयेकडे वळवून सकाळचे ऊन जास्त घ्यावे.

अनुदानाबद्दल: फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सूर्यघर योजना ग्रीडला, म्हणजे वीजकंपनीच्या तारांना, जोडलेल्या घरगुती संचांसाठी आहे आणि अर्जात वीजग्राहक क्रमांक द्यावा लागतो. तुमच्याकडे जोडणीच नाही, त्यामुळे ते अनुदान किमतीतून वजा करून दाखवणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नये.

सातारकर:

पवनचक्कीचा नाद सोडा, एवढेच सांगायला आलो. वांकुसवड्याच्या पवनचक्क्या उघड्या पठारावर, उंच मनोऱ्यांवर उभ्या आहेत. तुमचे घर उतारावर, डोंगराच्या आडोशाला आहे. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग निम्मा झाला की वीज एक अष्टमांश होते. दोन मीटर व्यासाच्या चक्कीला सेकंदाला पाच मीटर वेगाचा अखंड वारा मिळाला, तरी हाती साठ-सत्तर वॅटच लागतात. डोंगराला आपटून भोवऱ्यासारखा फिरणारा वारा तेवढेही देत नाही आणि बेअरिंगे मात्र खातो. माझ्या मेहुण्याची चक्की दुसऱ्या पावसाळ्यात थांबली, आता तिच्या खांबावर दोडक्याचा वेल आहे.

जुना वायरमन:

पठारवासींचा हिशेब बरोबर आहे, पण बॅटरीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण चुका तिथेच होतात.

विक्रेत्याने सांगितलेल्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या १५० अँपिअर-अवरच्या असतील असे धरतो. कागदावर ते सात युनिटांहून जास्त होतात, पण शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून वापरायला मिळतात साडेतीन. त्यातही तुमचा पावसाळा तिला मारक आहे. ही बॅटरी वरचेवर पूर्ण भरावी लागते; महिनाभर अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट धरते आणि मग कितीही ऊन मिळाले तरी ती पूर्वीसारखी होत नाही. लिथियम फॉस्फेटला अर्धवट राहण्याचे काही वाटत नाही. शिवाय एकेक ट्युब्युलर बॅटरी साठ किलोंच्या घरात जाते, आणि दीड किलोमीटर पायवाटेने आम्लाने भरलेली बॅटरी खांद्यावरून चढवणारी माणसे आता वाडीत उरली आहेत का, हेही पाहा. लिथियमचा तोटा एकच: आतले नियंत्रक सर्किट बिघडले तर आमच्यासारखा जुना माणूस तिला हात लावू शकत नाही. कराड किंवा साताऱ्यात दुरुस्तीची सोय असलेलाच माल घ्यावा.

बारा व्होल्टचा मोह नको. ६०० वॅटला बारा व्होल्टवर पन्नास अँपिअर लागतात, चोवीसवर पंचवीस. आणि तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे त्याच तारेत ती बारा व्होल्टवर चौपट होते. पंप चालू होताना काही क्षण चार-पाच पट प्रवाह ओढतो, तेव्हा इन्व्हर्टर निवडताना पंपावरच्या पाटीतील आकड्यावर भरवसा ठेवू नये.

पॅनेलच्या बाजूला डीसीचाच एमसीबी (जास्त प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) लावा. घरातला साधा एसी एमसीबी तिथे बसवलेला मी अनेकदा पाहिला आहे. डीसीचा प्रवाह एसीसारखा पुन्हा पुन्हा शून्यावर येत नाही, त्यामुळे स्विच पडताना उडालेली ठिणगी तुटत नाही आणि एमसीबीच जळतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडतात, म्हणून सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक आलेला लोंढा जमिनीत सोडणारे उपकरण) आणि खरे अर्थिंग हवे. कातळावर दोन फूट सळई ठोकून अर्थिंग होत नाही. माती असलेली जागा शोधून खड्डा घ्या. आणखी एक: तुमचा भाग १९६७ च्या भूकंपाचा आहे आणि लहान धक्के अजूनही बसतात. बॅटरीचा रॅक भिंतीला बोल्टने आवळल्याशिवाय कारागिराला सोडू नका.

खोरेकर:

सर्वांचे मनापासून आभार. पठारवासींनी ओढ्याचा उल्लेख टाकीपुरता केला, पण त्यावरून वडिलांनी विचारले की याच पाण्यावर वीज होणार नाही का? काल ओढ्यावर जाऊन मोजले. वरच्या धबधब्याखाली पाट काढून पाणी पन्हळीतून सोडले, तर वीस लिटरची बादली पाच सेकंदांत भरली, आणि तेही पाऊस उघडून चार दिवस झाल्यावर. तिथपासून घरामागच्या बांधापर्यंत गवंड्याच्या पाण्याच्या नळीने टप्प्याटप्प्याने उंची घेतली, ती अठरा मीटर भरली. पाइप अंदाजे १२० मीटर लागेल, आणि ही सगळी जागा आमच्या सातबाऱ्यावर आहे.

पाणसळ:

हे मोजमाप तुम्ही पहिल्याच टपालात दिले असते, तर निम्मी चर्चा वाचली असती! सेकंदाला चार लिटर, उंची अठरा मीटर आणि गुरुत्वाचे ९.८१ यांचा गुणाकार केला की सुमारे ७०० वॅट येतात. एवढ्या लहान यंत्राची कार्यक्षमता ४५ टक्केच धरा, तरी हाती ३०० वॅट लागतात. हे ऐकायला कमी वाटते, पण ओढा रात्रीही वाहतो: चोवीस तासांत सात युनिटांच्या वर, म्हणजे इन्व्हर्टरचे खाणे धरूनही तुमच्या गरजेच्या जवळजवळ अडीच पट. शिवाय पॅनेल जेव्हा झोपलेली असतात, नेमकी तेव्हाच ही वीज मिळते. नागालँडमध्ये ‘हायड्रोजर’ नावाचे काही किलोवॅटचे असे छोटे संच ओढ्यांवर चालतात; आपल्या सह्याद्रीत हा पर्याय कुणाला सुचत नाही, कारण तो पॅनेलसारखा दुकानातून उचलून आणता येत नाही.

पाइपात कंजुषी करू नका. ६३ मिलिमीटरच्या पाइपात चार लिटरचा प्रवाह घुसवलात तर घर्षणातच पाच-सहा मीटर उंची जाईल, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश वीज वाटेतच संपेल. ११० मिलिमीटरच्या पाइपात अर्धा मीटरही जाणार नाही. पाण्याचे तोंड ओढ्याच्या मध्यभागी न ठेवता कडेला, छोट्या हौदातून घ्या, आणि जाळी उतरती बसवा, म्हणजे पालापाचोळा आपोआप घसरून जाईल. तरी पहिल्या पुरात ती रोज साफ करावी लागेल, याची वडिलांना आत्ताच कल्पना द्या. पेल्टन किंवा टर्गो जातीचे, म्हणजे पाण्याच्या झोताने फिरून वीज करणारे, चाक बांधाजवळ पण पुराच्या पाण्याच्या वर, वाहून न जाईल अशा चौथऱ्यावर ठेवा आणि पाणी पुन्हा ओढ्यातच सोडा. जागा तुमची असली तरी खालचा ओढा वनहद्दीत शिरत असेल, तर आधी वनखात्याला लेखी विचारलेले बरे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी नंतर खुलासे देत बसणे परवडत नाही.

एक धोका लक्षात ठेवा. पॅनेलची जोडणी तोडली तर काही बिघडत नाही, पण चालत्या चाकावरचा भार, म्हणजे त्याची वीज घेणारे जे काही जोडलेले असेल ते, काढला तर ते बेफाम फिरते. त्यामुळे पॅनेलचा चार्ज कंट्रोलर (बॅटरी भरली की जोडणी तोडणारे यंत्र) चाकाला लावायचा नाही. बॅटरी भरली की जास्तीची वीज दुसऱ्या भारावर वळवणारा कंट्रोलर हवा.

ओढा धरला तर पॅनेल एक किलोवॅटची पुरतील, कारण त्यांचे खरे काम जानेवारीत ओढा आटल्यावरच आहे.

खोरेकर:

जास्तीची वीज वळवायला भार म्हणून आंघोळीच्या तांब्याच्या बंबात हीटर सोडला तर चालेल का? आईचा आग्रह आहे.

पाणसळ:

बंबात नको. रोज पाणी काढून घेतल्यावर हीटरची कांडी उघडी पडेल आणि जळेल, आणि ती जळाली की चाकावरचा भारही गेला. पडवीत दोनशे लिटरचे झाकणाचे पिंप ठेवून त्यात बुडाशी दोन कांड्या बसवा, आणि पाणी काढण्याची तोटी कांड्यांच्या वीतभर वर ठेवा. बंबात ओतायचे पाणी त्या पिंपातूनच कोमट घेतले, तर आईंचे सरपण निम्म्यावर येईल.