नववी-दहावीच्या पोरांची दारू-नशा गावातच कशी रोखायची? ग्रामसभेत दंडाचा ठराव येतोय

शिवारातला:
सोलापूर जिल्ह्यातलं तीन हजार वस्तीचं गाव. शाळा दहावीपर्यंत, पुढची पोरं एसटीने तालुक्याला जातात. परवान्याचं देशी दारूचं दुकान चार किलोमीटरवर फाट्याला आहे, पण ते शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत येतं. गावात दोन घरांतून क्वार्टर चोरून मिळतात, शिंदी वेगळीच. मावा-गुटखा सातवीपासून चालू होतो. यात्रा, गणपती, वराती आल्या की चौदा-पंधराची पोरं पिऊन नाचताना उघड दिसतात.

ग्रामसभेत तीन गोष्टी मांडायचं चाललंय: एका नावाजलेल्या वक्त्याचं व्याख्यान, शाळेची रॅली, आणि पिताना सापडलेल्या पोराच्या बापाला पाच हजार दंड. ग्रामपंचायत 20 हजार द्यायला तयार आहे. हे पैसे यावर घालावेत का? नसेल तर सुरुवात कुठून करायची? आणि आठवीतला एक मुलगा पंक्चरचं सोल्युशन हुंगतो असं शिक्षकांच्या लक्षात आलंय, त्याचं काय करायचं?

चिठ्ठीवाला:
तिन्ही गोष्टी सोडा. व्याख्यान आणि रॅलीने पोरांचं वागणं बदलत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाने व्यसन-प्रतिबंधाचे जे निकष काढलेत (2013, सुधारित 2018), त्यात नुसती माहिती देणं, भीती घालणं, व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाला मंचावर बोलावणं आणि पोलिसांकडून वर्ग घेणं या गोष्टी निरुपयोगी ठरणाऱ्यांच्या यादीत आहेत. आपल्याकडचा 'व्यसनमुक्ती सप्ताह' म्हणजे नेमकी तीच यादी असते.

दंडाला कायद्याचा आधार नाही. उद्या दंड न भरणाऱ्याला वाळीत टाकायची भाषा झाली, तर 2016 च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यात ठराव करणारेच अडकतील. शिवाय दंड लागला की पोरं पिणं थांबवत नाहीत, जागा बदलतात. पारावरून उठून विहिरीवर जातात, आणि तिथे एखादा जास्त प्यायला तर घाबरून त्याला तसाच टाकून पळतात.

आधी पाहणी करा. पोरं काय घेतात, कुठून, किती वाजता आणि कुणाच्या हातून, हे माहीत नसताना केलेला उपाय हवेत जातो. आठवी ते दहावीला एका तासात चिठ्ठी-पाहणी होते:

मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, पालकांना आठवडाभर आधी लेखी कळवा. छापील कागदावर सहा प्रश्न, उत्तर फक्त खूण करून. काही लिहायला लावलं की अक्षर ओळखू येतं. गेल्या 30 दिवसांत काय घेतलं, पहिल्यांदा कुणी दिलं (मित्र, घरातला, दुकानदार), कुठे, कोणत्या वेळी, पैसे कुठून आले, आणि 'तुझ्या वर्गातली किती मुलं पितात असं तुला वाटतं'. सगळ्यांना एकसारखं पेन, कागद दोन घड्या घालून बंद पेटीत. शिक्षकांनी वर्गाच्या मागे उभं राहायचं, बाकांमधून फिरायचं नाही.

यात हमखास बिघडतं ते असं. काही पोरं मजा म्हणून सगळ्यावर खूण करतात. म्हणून यादीत अस्तित्वातच नसलेल्या पदार्थाचं एक नाव घाला. त्यावर खूण असलेला कागद बाजूला काढायचा. दुसरी चूक म्हणजे पोरांनी न ऐकलेल्या नशांची यादी छापणं, ती आपणच केलेली जाहिरात ठरते. तिसरी, निकाल वर्गवार जाहीर करणं. वर्गात बारा मुली असल्या तर दोन खुणा कुणाच्या हे गाव संध्याकाळपर्यंत शोधून काढतं. आकडे तिन्ही वर्गांचे मिळूनच सांगा.

शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. पोरांना नेहमी वाटतं की 'सगळेच पितात', आणि खरा आकडा बहुतेक वेळा बराच खाली असतो. तो मुलांनाच दाखवायचा. न पिणाऱ्याला आपण एकटे नाही हे कळणं शंभर पोस्टरांपेक्षा जास्त काम करतं.

आडवी_बाटली:
कायद्याची बाजू मांडतो, कारण यात लोक चुकीच्या टोकाला धरतात.

महाराष्ट्रात देशी-विदेशी दारूसाठी वय 25, सौम्य बिअरसाठी 21. म्हणजे पंधरा वर्षांच्या पोराला कुणी बाटली दिली, की विकणारा गुन्हेगार झालाच. बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 77: मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम 78: मुलाकडून दारू किंवा अमली पदार्थ विकून घेणं किंवा त्याच्या हातून पोचवणं, शिक्षा तेवढीच. चोरून विकणारे हिशोब करूनच बारा-तेरा वर्षांच्या पोराला सायकलवर पिशवी देऊन पाठवतात, म्हणून तक्रारीत 78 विसरू नका. पण तक्रार तेवढ्यावर टांगू नका. अवैध विक्रीसाठी महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाचं कलम 65 मांडा. आणि तोच माणूस पुन्हा पुन्हा सापडत असेल तर कलम 93 खाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेण्याची मागणी करा. पाच-सात बाटल्या जप्त झालेला दुसऱ्या दिवशी परत दुकान मांडतो. बंधपत्राला तो जास्त बिचकतो.

तक्रारीत 'गावात दारूचा सुळसुळाट झाला आहे' असं वाक्य नको. वार, वेळ, ठिकाण, माल कोणत्या गाडीवरून येतो, गाडीचा क्रमांक, कुठे लपवतात (कडब्याची गंज, मोटारीची पेटी) एवढंच. निदान आठ-दहा दिवसांच्या नोंदी हव्यात. एक प्रत पोलीस ठाण्यात, एक राज्य उत्पादन शुल्कच्या निरीक्षकाकडे, आणि पोच घ्यायचीच. प्रसंग चालू असेल तर 112. स्वतः धाड टाकू नका, आणि पोराला गिऱ्हाईक करून तर अजिबात पाठवू नका.

टपऱ्यांचं काम सोपं आहे. तंबाखू नियंत्रण कायद्याच्या (कोटपा 2003) कलम 6 प्रमाणे शाळेपासून 100 यार्डांच्या, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही, आणि 18 च्या खालच्याला कुठेच नाही. टेप घेऊन मोजा, पिवळी रेषा मारा. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, ती तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे.

आता बाटली आडवी करण्याबद्दल, म्हणजे महिलांच्या मतदानाने परवान्याचं दुकान बंद करण्याबद्दल, कारण ग्रामसभेत कुणीतरी ते काढणारच. 25 टक्के महिला मतदारांनी निवेदन दिलं की सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. दुकान बंद व्हायला झालेल्या मतांच्या नव्हे, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. 1,100 महिला मतदार असतील तर निवेदनाला 275 सह्या आणि मतदानात किमान 551 मतं. आलेल्या 700 पैकी 540 जणींनी आडवी केली तरी दुकान चालूच. ऊसतोडीला गेलेल्या बायका यादीत असतात आणि गावात नसतात, त्यामुळे दिवाळी ते एप्रिल हा काळ टाळा. पण तुमच्या बाबतीत हा मार्गच बंद आहे. दुकान दुसऱ्या ग्रामपंचायतीत, मत तिथल्या बायकांचं. आणि गावातली चोरटी विक्री तर मतदानाच्या कक्षेतच येत नाही, तिला तक्रारच लागते.

रांगडा_गडी:
एवढं कागदी काम कशाला? दोन-चार पोरांना पारावर बांधून हाणलं की बाकीची सरळ येतात. पूर्वी असंच होतं.

मैत्री_ओपीडी:
मारणाऱ्यावर गुन्हा होईल तो वेगळा, पण सोल्युशन हुंगणाऱ्या पोराच्या बाबतीत हा सल्ला जिवावर बेतणारा आहे. सोल्युशनमधले टोल्युईनसारखे द्रव हुंगल्यावर हृदयाचे ठोके अनियमित व्हायला टपलेले असतात. अशा वेळी पोरगा दचकला किंवा जिवाच्या आकांताने पळाला तर जागेवर हृदय बंद पडू शकतं. हुंगताना दिसला तर ओरडू नका, पाठलाग करू नका. शांतपणे जवळ जा, रुमाल किंवा पिशवी काढून घ्या, मोकळ्या हवेत बसवा, अर्धा तास सोबत राहा.

हा पदार्थ हलका समजू नका. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण 10 ते 17 वयात 1.17 टक्के आणि मोठ्यांत 0.58 टक्के निघालं. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त असलेली ही एकच नशा. खुणा: तोंडाभोवती पुरळ, कपड्यांना वास, सतत डोकेदुखी, लाल डोळे, पुढे पायांना मुंग्या आणि चालताना तोल जाणं.

पुढचं असं करा. ज्या शिक्षकावर मुलाचा विश्वास आहे त्या एकानेच एकट्यात बोलायचं. घरी सांगायच्या आधी घरात बाप मारतो का याचा अंदाज घ्या. मारत असेल तर आईला किंवा आजोबांना आधी. मग आशाताईंमार्फत ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकला (किशोरवयीन मुलांसाठीचा दवाखाना), तिथून गरज पडली तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीला. फोनवर सल्ला हवा असेल तर 14446 (व्यसनमुक्ती) आणि 14416 (टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी). मुलाला घरातूनच धोका असेल तर 1098. पंक्चरवाल्याला आणि स्टेशनरीवाल्याला सांगून ठेवा की ट्यूब मुलांच्या हातात द्यायची नाही. शाळेतून नाव काढू नका. शाळा सुटली की दिवसभर मोकळा.

खाजगी व्यसनमुक्ती केंद्रात टाकायची घाई करू नका. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 प्रमाणे अल्पवयीनाला मोठ्यांसोबत ठेवता येत नाही, घरचं माणूस पूर्णवेळ सोबत लागतं आणि साखळीने बांधणं हा गुन्हा आहे. 'नकळत जेवणात मिसळा' म्हणून विकली जाणारी पावडर तर मुलाला कधीच नको. तिच्यात काय आहे हे कुणालाच माहीत नसतं, आणि डायसल्फिराम (दारू सोडवायचं औषध) असेल तर वर दारू पडल्यावर रक्तदाब कोसळतो.

शिंदीबद्दल: 'ती झाडाची आहे, काही होत नाही' हे ऐकून पोरं सुरुवात तिथूनच करतात. शिवारात झाडं चार आणि विक्री बारा महिने पिंपांनी, तर ती शिंदी पाणी, सॅकरीन आणि क्लोरल हायड्रेट यांची असण्याची शक्यता मोठी. ते झोपेचं औषध आहे. सवय लागते आणि एकदम थांबवलं तर झटके येऊ शकतात. रोज पिणाऱ्याला डॉक्टरांशिवाय तोडायला लावू नका.

आणि प्रत्येक मंडळाच्या पोरांना एवढं पाठ हवं: पिऊन बेशुद्ध पडलेल्याला कुशीवर वळवा, उताणा ठेवू नका, उलटी काढायला बोटं घालू नका, लिंबू-मीठ पाजू नका, एकटा सोडू नका, 108 लावा. हातभट्टीची घेतल्यावर दुसऱ्या दिवशी धूसर दिसायला लागलं तर मिथेनॉलची (विषारी अल्कोहोलची) शंका धरून थेट मोठ्या रुग्णालयात. एका रात्रीने दृष्टी जाते.

शिवारातला:
पटलं. मग 20 हजारांचं काय करायचं?

चिठ्ठीवाला:
पाहणीत वेळेचा प्रश्न आहे तो यासाठीच. सहसा उत्तर संध्याकाळी सहा ते नऊ असं येतं, कारण तेव्हा आईबाप रानातून येऊन कामात असतात आणि पोरांना जायला जागा नसते. शाळेच्या मैदानावर दोन खांब, दोन एलईडी फ्लडलाइट, कबड्डीसाठी 13 बाय 10 मीटरची भुसभुशीत माती, व्हॉलीबॉलची जाळी. भरतीची तयारी करणारी मोठी पोरं 1600 मीटर धावायला येतातच, त्यांना लहानांच्या सरावाची जबाबदारी मानधन देऊन द्या. उरलेल्या पैशातला मोठा वाटा त्या मानधनाला, सामानाला नको. चेंडू पडून राहतो, माणूस असेल तर मैदान चालतं. मात्र मैदानावर 'स्टॅमिन्याचं इंजेक्शन' शिरत नाही यावर डोळा ठेवा, आणि मुलींना वेगळी, उजेडातली वेळ द्या.

शाळेत दर आठवड्याला एक तास, दहा-बारा आठवडे. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात शाळेमागे दोन शिक्षक आरोग्यदूत असतात, त्यांच्या विषयांत व्यसन-प्रतिबंध आहेच. भाषण नको, नाही म्हणण्याचा सराव हवा. 'एक घोट घे, बायल्या आहेस का?' याला पोराने जोडीदारासमोर प्रत्यक्ष उत्तर द्यायचं: 'नको, सकाळी ग्राउंड आहे', 'गोळी चालू आहे', 'गाडी मला चालवायची आहे'. लांबलचक उत्तर देणारा सापडतो. छोटं उत्तर आणि लगेच तिथून निघणं, हे दोन-तीनदा करून बघितलं की जमतं.

आडवी_बाटली:
मंडळांचंही आताच बांधून घ्या. वर्गणीचा जमाखर्च गणपतीनंतर पंधरा दिवसांत चावडीवर लावायचा. 'इतर खर्च' या ओळीतच बाटल्या असतात. मिरवणुकीआधी सातला सगळ्यांचं जेवण, कारण रिकाम्या पोटीची दारू लवकर चढते. प्रत्येक मंडळाची दोन मोठी माणसं ढोल वाजवायला नाही, फक्त अठराच्या आतल्यांकडे बघायला. ट्रॅक्टरच्या मागे आणि जनरेटरच्या बाजूला, अंधार तिथेच असतो.

मैत्री_ओपीडी:
घरांसाठी एकच नियम पहिल्या महिन्यात धरा: पोराला तंबाखूची पुडी, बिडी किंवा क्वार्टर आणायला पाठवायचं नाही. दुकानदाराशी ओळख, सुट्टे पैसे आणि पहिली चव, तिन्ही त्याच फेरीत होतात. बाप पितो म्हणून त्याला बोलायचा अधिकार नाही असं नाही. 'तू कायद्याच्या वयाचा होईपर्यंत या घरात हे चालणार नाही' असं स्पष्ट सांगणारा पिणारा बापही गप्प बसणाऱ्या निर्व्यसनी बापापेक्षा बरा. बचत गटाच्या बैठकीत हा नियम मांडा, ग्रामसभेत नंतर. गावाची बाल संरक्षण समिती कागदावर असेलच. अंगणवाडी सेविकेला विचारा शेवटची बैठक कधी झाली, आणि पाहणीचे आकडे समितीच्या नोंदवहीत पहिल्यांदा चढवा.

शिवारातला:
दंडाचा ठराव मागे घ्यायला सरपंचांशी बोलतो. चिठ्ठीचा कागद परवा इथे टाकतो, खोट्या पदार्थाचं नाव कुणी सुचवा. आमच्या पोरांना ओळखू येणार नाही असं.

चिठ्ठीवाला:
नाव इथे उघड नको, पोरंही वाचतात. व्यक्तिगत निरोपात पाठवतो.