लाइफ जॅकेट विमानात का फुगवू नये?

प्रश्न (कोथरूड, पुणे): आई प्रथमच विमानाने निघणार आहे. पाण्यात उतरावे लागले, तर जॅकेट दाराशीच फुगवावे असे का सांगतात?

उत्तर १: १९९६ मध्ये कोमोरोस बेटांजवळ इथिओपियन एअरलाइन्सचे अपहृत विमान इंधन संपून समुद्रात आदळले, तेव्हा अनेकांनी जॅकेट आतच फुगवले होते, पाणी भरताच ते छताकडे उचलले गेले आणि त्यांना बुडी मारून दार गाठता येईना. १७५ पैकी १२५ जण दगावले, याची आजही हळहळ वाटते.

उत्तर २: २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवलेल्या विमानातील सर्व १५५ जण वाचले, कारण फेरीबोटी काही मिनिटांतच पोहोचल्या. भर समुद्रात मदतीला वेळ लागतो. आईंना सीटखालचे जॅकेटचे पाकीट हाताने चाचपून पाहायला सांगा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, आज रात्रीच सांगतो.